बस सुटल्याशिवाय सुई नाही

सुमन,

तुला दिलेला एक शब्द मोडायचा की पाळायचा, हे मला आज दुपारपर्यंत ठरवायचे आहे. तुझी अर्चना संध्याकाळच्या बसने पुण्याला परत जाते आहे आणि जाण्यापूर्वी माझ्याकडे येणार आहे. तिने मला एक प्रश्न विचारला आहे. ‘उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणा, पण नुसते उभे राहू नका,’ असे वर्गात मुलांना आयुष्यभर बजावणारी मी त्या प्रश्नापुढे नुसती उभी राहिले.

प्रश्न तुझ्या तेराव्याच्या दिवशी आला. पंगत उठली होती. मी तुझ्या स्वयंपाकघरात उरलेल्या पुऱ्या डब्यात भरत होते. अर्चना चौकटीला टेकून उभी होती.

‘मावशी, तुम्ही विज्ञान शिकवलंत, म्हणून तुम्हालाच विचारते. त्या वर्षी आई मला जे बोलली, ते इंजेक्शन बोललं की आई बोलली?’

‘अगं, इतक्या वर्षांनी ते कशाला काढतेस?’

‘इतक्या वर्षांनीच. आता आईला विचारता येत नाही ना.’

मी म्हणाले, विचार करून सांगते. ती हसली. ‘एवढा अवघड आहे का पेपर?’ हसताना तिचा डावा गाल तसाच वर गेला, तुझा जायचा तसा. मला हातातला डबा खाली ठेवावा लागला.

त्या प्रश्नाचे अर्धे उत्तर माझ्या विषयात आहे. उरलेले अर्धे तुला दिलेल्या शब्दात अडकले आहे. अर्चनाला त्या वर्षी दर शनिवारी वैजापूरला मामाकडे का पाठवत होतीस, हे तिला कधी सांगायचे नाही, असा तो शब्द. तू होतीस तोवर मी तो पाळला. पुढे पाळावा की नाही, याविषयी तू काहीच सांगून गेली नाहीस. तू बरेच काही न सांगता गेलीस.

शाळेने तुझ्यावर दोन पाने लिहून मागितली आहेत. तुझे शिक्षण, सेवा, निवृत्ती हे सारे कार्यालयातून मिळेल आणि कोणीतरी ते व्यवस्थित लिहून काढील. मी कागद घेतला आणि तुझ्याशी भांडायला बसले. तू मराठी शिकवलेस, मी विज्ञान. शिक्षक-खोलीत आपल्या खुर्च्या समोरासमोर होत्या, त्यामुळे आपले एकमत क्वचितच झाले. भांडण अर्धवट टाकून तू गेलीस ती सकाळ नळाला पाणी येण्याची होती. या शहरात पाणी इतके वाट पाहायला लावून येते, की ते रस्त्यावर वाहू देणारे घर कुठेच नसते. म्हणूनच तुझ्या फाटकाखालून पाणी वाहताना दिसले, तेव्हा समोरच्या काकू चप्पल न घालता धावल्या. तू पिंपाशेजारी पडली होतीस. हृदय थांबले होते. यकृत नव्हे, हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगते. ज्या यकृतासाठी आपण ते वर्ष काढले, ते शेवटपर्यंत ठणठणीत होते.

ते वर्ष सुरू झाले रक्तदान शिबिरापासून. तू मुलांसमोर रक्तदानावर भाषण दिलेस आणि पदर खोचून सर्वांच्या आधी पलंगावर आडवी झालीस. काही दिवसांनी रक्तपेढीचा निरोप आला: रक्त वापरता येणार नाही, डॉक्टरांना भेटा. हिपॅटायटिस सी. यकृतात मुक्काम करणारा विषाणू. वर्षानुवर्षे काही न बोलता पोखरत राहणारा. डॉक्टरांनी विचारले, पूर्वी कधी रक्त चढवले होते का? एकदाच, तू म्हणालीस. अर्चनाच्या वेळी. बाळंतपणात तुला अतोनात रक्तस्राव झाला होता आणि चढवलेल्या त्या रक्तानेच तू वाचली होतीस. त्या काळी हा विषाणू ओळखणारी चाचणीच अस्तित्वात नव्हती, म्हणून दोष कोणाचाच नव्हता. हे वाक्य डॉक्टरांनी सावकाश आणि स्पष्ट उच्चारले होते. कारण आणि दोष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ताप नसलेल्या माणसाला हा फरक समजतो.

उपचार ठरला इंटरफेरॉनचा. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तू माझ्यासमोर डबा उघडलास.

‘बाई, ही इंटरफेरॉन काय भानगड आहे? नीट सांग. आन् तुझं ते सैन्य, शत्रू, लढाई काढू नको. तुम्हा विज्ञानवाल्यांना दुसरं काय सुचतच नाय.’

फळ्यावाचून मला शिकवता येत नाही, हे तुला ठाऊक होते. तू डब्याचे झाकण उलटे करून माझ्यापुढे सरकवलेस. मी त्यावर शेंगदाणे मांडले. प्रत्येक शेंगदाणा एक पेशी.

‘या पेशीत विषाणू शिरला. विषाणूचा मजकूर, म्हणजे त्याची जनुकं, पेशीच्या ओळखीचा नसतो, तो तिला खटकतो. मग ती एक प्रथिन तयार करते आणि बाहेर सोडते. तेच इंटरफेरॉन. ते स्वतः विषाणूला मारत नाही. ते शेजारच्या पेशींपर्यंत जातं, त्यांच्या पृष्ठभागावरच्या ठरावीक जागी बसतं आणि त्या सावध होतात.’

‘आन् जिनं सांगावा धाडला ती?’

‘ती बहुधा वाचत नाही.’

तू तो शेंगदाणा उचलून तोंडात टाकलास. माझी आकृती बिघडली. खाता खाता म्हणालीस, ‘आमच्या करमाडला कडब्याची गंजी पेटली ना, की ज्याची पेटली तो आधी वरडायचा. स्वतःची वाचवायला नाय, ती तर गेलीच. वरडायचा ते शेजारपाजाऱ्यांसाठी. मग आख्ख्या गल्लीनं चुली विझवायच्या. वारं सुटलेलं असायचं. एक ठिणगी उडाली की खलास. आम्ही पोरं मळलेल्या पिठाकडं बघत बसायचो. भाकर नाय, चहा नाय, काय नाय.’

मी थक्क झाले, कारण सावध झालेली पेशी नेमके हेच करते. विषाणू स्वतःची चूल आणत नाही, तो पेशीच्याच चुलीवर शिजवतो. म्हणून सावध पेशी प्रथिने बनवण्याचे स्वतःचे काम मंद करते, संशयास्पद मजकुराचे तुकडे करते, प्रसंगी उपाशी राहते आणि आत शिरलेल्याला उपाशी ठेवते. शिवाय आपल्या आत काय चालले आहे याचे नमुने ती पृष्ठभागावर मांडते, म्हणजे रक्तातल्या पहारेकरी पेशींना कोणाचे घर पेटले आहे ते ओळखता यावे. हे सर्व मी तुला सांगितले आणि शेवटी म्हणाले, ‘तुझी उपमा पुष्कळ अंशी लागू होते. अर्धा गुण.’

‘अर्धा गुण म्हंजे काय असतं गं? एक तर बरोबर, न्हाय तर चूक. पोरांना अर्ध्यावर लटकवून ठेवायची खोड तुझी.’

हे आपले सर्वांत जुने भांडण. पेपर तपासताना मी कृतीला गुण देत असे, उत्तर चुकले तरी. तू एकतर पूर्ण देत होतीस किंवा भोपळा. मुले तुला घाबरत आणि तुझ्याच वर्गात बसायला धडपडत.

मग तू विचारलेस, ‘म्हंजे सुईतनं जाणार ते औषध नाय?’

‘औषधच आहे. पण तुझं शरीर जे बनवतं, त्याचीच ती नक्कल आहे. हा विषाणू लबाड आहे, तो पेशीची हाक आतल्या आत दाबतो. म्हणून ती बाहेरून द्यायची. नुसतं दिलं तर ते शरीरातून लवकर निघून जातं, म्हणून त्याला एक लांब शेपटी जोडतात. मग आठवडाभर पुरतं. सोबत रोजच्या गोळ्या.’

‘म्हंजे आठवडाभर नुसतं वरडत राहायचं.’

‘ताप येईल, अंग ठणकेल. फ्लूमध्ये अंग मोडून येतं ना, त्यातही या हाकेचा वाटा असतो. आणि...’ मी डॉक्टरांनी दिलेले माहितीपत्रक वाचून दाखवले, ‘चिडचिड, उदासी, मनःस्थितीत बदल संभवतात.’

‘ते तर मला आधीपासूनच हाय. त्यात सुईचं कशाला नाव?’

आपण दोघी इतक्या हसलो, की शारीरिक शिक्षणाचे सर दारातून डोकावून गेले.

शनिवार ठरवला, कारण शनिवारी शाळा सकाळची. दुपारी सुई, संध्याकाळी ताप, रविवार अंथरुणात, सोमवारी वर्गावर. ते भारनियमनाचे दिवस होते. तुझ्या घरचा फ्रिज दुपारी कपाटासारखा उभा असे. औषध थंड हवे, पण गोठलेले चालत नाही. म्हणून मी बर्फ फडक्यात गुंडाळून थर्मासमध्ये ठेवत असे, सुईची डबी बर्फाला न टेकेल अशी. प्रयोगशाळेत मुलांकडून करून घेते तशी मी तुझ्यासमोर उभी राहून क्रम वाचत होते आणि तू स्वतःच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सुई टोचत होतीस.

‘साहित्य झालं. आता कृती. हवा काढलीस का?’

‘काढली.’

‘निरीक्षण?’

‘निरीक्षण असं की बाई लई बडबड करतात.’

पहिले काही शनिवार असे गेले. मग ताप तुझ्या डोळ्यांत राहू लागला. केस विरळ झाले, तोंडाची चव गेली, सोमवारी तू जिना चढताना मध्येच थांबू लागलीस. मुख्याध्यापकांनी मला शिक्षकांच्या बैठकीत या औषधाची माहिती द्यायला सांगितले आणि मी ती दिली, फळ्यावर आकृती काढून, दुष्परिणामांसह. सर्वांनी मन लावून ऐकले. त्यानंतर कोणी तुझ्यावर रागावले नाही. कोणी तुझे ऐकलेही नाही. दहावीचे जादा तास पत्र्याच्या खोलीत ठेवले, तेव्हा तू उभी राहून म्हणालीस, की या उन्हात पोरे भाजून निघतील. मुख्याध्यापक अतिशय प्रेमाने म्हणाले, ‘हो हो, बाई. तुम्ही आधी विश्रांती घ्या.’

‘सर, उद्या मी म्हणाले की पत्र्याला आग लागलीय, तर तुम्ही म्हणाल बाईंना ताप आलाय!’

कोणी हसले नाही, सर्वांनी समजूतदारपणे माना डोलावल्या. तू माझ्याकडे वळलीस. ‘ही तुझी करामत. माझ्या तोंडचं होतं नव्हतं ते सगळं तू त्या सुईला देऊन टाकलंस.’

मी आजही म्हणते, सांगणे आवश्यक होते. न सांगता लोकांनी तुझा तुसडेपणा मनात धरला असता. तू आजही म्हणशील, माणसाचे बोलणे काढून घेण्यापेक्षा त्याच्यावर रागावलेले बरे. पुढे तो वर्ग खालच्या व्हरांड्यात हलवला गेला. तू बरोबर होतीस म्हणून, असे मात्र कोणी म्हणाले नाही.

आता त्या रविवाराविषयी. ते मला लिहायचे नव्हते.

अर्चना तेव्हा कॉलेजात होती. तिने तुझ्यासाठी मऊ भात केला होता, वर तूप-मेतकूट. मी खाटेशेजारी बसले होते. तू एक घास घेतलास आणि ताट सारलेस. ती म्हणाली, ‘आई, थोडं तरी खा. माझ्यासाठी.’

तू तिच्याकडे बघून, अजिबात न ओरडता, म्हणालीस, ‘तुझ्यासाठीच तर झालंय हे सगळं. तुझ्या जन्मातनं आलंय हे माझ्या अंगात. नसतीस झाली तर बरं झालं असतं.’

अर्चनाने ताट उचलले, स्वयंपाकघरात नेले आणि घासून पालथे घातले. भांड्यांचा आवाजसुद्धा झाला नाही. मी तिच्यामागे गेले आणि म्हणाले, ‘मनावर घेऊ नकोस, बाळ. ते औषध बोलतंय.’ तिने मान डोलावली. बैठकीत सर्वांनी डोलावली होती, तशीच.

सोमवारी पहिल्या तासाआधी तू प्रयोगशाळेत आलीस, दार लोटलेस आणि उभ्याउभ्याच म्हणालीस, ‘सुई बंद. मेले तरी चालंल. माझ्या पोरीला परत असलं ऐकवायचं नाय मला.’

आपण डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मनासाठी एक गोळी जोडून दिली आणि समजावले, की विषाणू मागे हटतो आहे. मध्येच सोडले तर झालेले कष्ट वाया जातील. गोळीचा गुण यायला काही आठवडे लागतील, असेही ते म्हणाले. परतताना आपण रिक्षा केली. क्रांती चौकात सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा म्हणालीस, ‘शनिवारी तिला वैजापूरला धाडते. दादाकडं. त्याच्या मनीला गणित येत नाय, शिकव म्हणते. सोमवारी सकाळी येईल परत, तवर माझं तोंड ताळ्यावर असतं.’

‘तिला खरं कारण सांग,’ मी म्हणाले.

‘सांगितलं तर जाईल व्हय ती? इथंच बसंल उशाशी, भात घेऊन. तू पण सांगायचं नाय. कधीच नाय. दे वचन.’

मी दिले.

त्यानंतर प्रत्येक शनिवारी तू शाळेतून थेट मध्यवर्ती बसस्थानकावर जात होतीस, अर्चना घरून पिशवी घेऊन येत होती आणि मी तुझ्या घरी थर्मास उशाशी घेऊन बसत होते. बर्फ वितळायचा. मी एकदा चिडून म्हणाले, की ताप यायला तास लागतात, तू आधी सुई घे आणि मग तिला सोडायला जा. तू म्हणालीस, ‘बस सुटल्याशिवाय सुई नाय.’ विज्ञानाच्या दृष्टीने त्याला आधार नव्हता. मी वादही घातला. पण तू बसस्थानकावरून घामाघूम येत होतीस, हात धूत होतीस आणि मग माझ्यापुढे बसून म्हणत होतीस, ‘हं. साहित्य.’

औषध संपले. सहा महिन्यांनी पुन्हा रक्त तपासले, विषाणू नव्हता. तो कायमचा गेला. डॉक्टरांनी सांगितले तेव्हा तू त्यांना म्हणालीस, ‘मग आता माझा स्वभाव माझाच ना?’ आता त्या रोगासाठी इंटरफेरॉन क्वचितच वापरतात. काही महिन्यांच्या गोळ्यांत काम होते. ना ताप, ना थर्मास. रक्ताच्या काही विकारांत ते अजूनही देतात. पण तुझ्या वेळी तेच होते आणि त्याच्यामुळे तू मला इतकी वर्षे भांडायला मिळालीस. त्या शेपटीच्या प्रथिनाचे माझ्यावर हे ऋण आहे.

अर्चना मात्र परतली नाही. म्हणजे दर सोमवारी परतली. नोकरी, लग्न, पुणे, दिवाळीला येणे, फोन, तुझ्या मोतीबिंदूच्या वेळची रजा, कर्तव्यात कुठे उणे नव्हते. पण तुमच्या दोघींमध्ये विझलेल्या चुलीसारखे काहीतरी होते. मी दरवर्षी तुला म्हणत असे, सांग तिला. तू दरवर्षी तेच म्हणत होतीस: ‘सांगितलं की सबब होते. बोलले ते मीच बोलले. आता वर प्रेमाची सबब देऊ? पोरांच्या सबबी मी कधी ऐकल्या नाय, माझी पोरीनं का ऐकावी?’

मी म्हणत असे, औषधामुळे झाले ते औषधामुळे झाले असे म्हणण्यात सबब कसली. तू म्हणत होतीस, ‘सुईनं राग दिला असंल. शब्द कुठनं आणले तिनं? घरात होते म्हणूनच घावले ना?’

हे शेवटचे वाक्य मी आजही तपासते आहे. इंटरफेरॉन मेंदूतल्या रसायनांवर परिणाम करते, माणसाला खिन्न आणि चिडखोर करते, हे मी सिद्ध करून देऊ शकते. पण ते वाक्ये रचत नाही. शिवाय ते परकेही नव्हते. तुझ्याच शरीरातल्या हाकेची ती नक्कल होती. मग ‘औषध की आई’ या प्रश्नाची दोन टोके मी वेगळी तरी कशी धरणार? काल दिवसभर मी माझ्या पद्धतीने उत्तर मांडत होते. इतका भाग औषधाचा, इतका थकव्याचा, इतका भीतीचा, आणि थोडासा, अगदी थोडासा, तुझा. मग माझे मलाच कळले, की मी तुझे अर्धे अर्धे गुण करत बसले आहे.

आणि आज सकाळी, पाण्याच्या पिंपापाशी उभी असताना, मला एक गोष्ट आठवली, जी मी त्या शेंगदाण्यांवर तुला शिकवली नव्हती. मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली होती, म्हणून ती राहून गेली. सुमन, इंटरफेरॉनची हाक ऐकून पेशी जशी सावध होते, तशीच ती सावधगिरी उतरवणारी प्रथिनेही तिच्यात तयार होतात. ती नसतील, तर पेशी सावधच राहते. न आलेल्या विषाणूसाठी उपाशी राहते आणि त्यानेच आजारी पडते. शरीर स्वतःलाच इजा करते अशा काही रोगांत हेच घडलेले असते: हाक थांबतच नाही. हाक देण्याइतकेच ती थांबवणे जरुरीचे आहे. तुमच्या करमाडला गंजी विझल्यावर कोणीतरी गल्लीत सांगत फिरत असेलच ना, की आता चुली पेटवा? मी तुला ते विचारले नाही. कोणीतरी फिरत असणारच. नाहीतर ते मळलेले पीठ तसेच राहिले असते.

तू शेजारच्या जिवाला चूल विझवायला लावलेस आणि वाचवलेस. आग विझल्याचे मात्र तिला कोणी सांगितले नाही. तुझ्या स्वाभिमानाने सांगितले नाही, माझ्या वचनाने सांगितले नाही.

फाटक वाजते आहे. उठते.

ती येऊन गेली. पुढचे मी बसस्थानकावरून परतल्यावर लिहिते आहे.

मी आधी विज्ञानच सांगितले. सवय. रसायने, खिन्नता, माहितीपत्रक. अर्चना ऐकत होती. मग म्हणाली, ‘मावशी, तुम्ही अर्धे गुण देताय.’

तेव्हा मी वैजापूरचे सांगितले. रिक्षा, क्रांती चौक, वचन, थर्मास, सारे. तिने चहाचा कप बाजूला सारला.

‘म्हणजे मला घालवत नव्हती?’

‘घालवत होती. स्वतःच्या तोंडापासून लांब.’

‘बस सुटेपर्यंत ती फलाटावर उभी असायची,’ अर्चना म्हणाली. ‘हात नाही हलवायची, काही नाही. नुसती बघायची. मला वाटायचं, मी खरंच गेले की नाही, याची खात्री करतेय. मी मुद्दाम पलीकडच्या खिडकीत जाऊन बसायचे.’

‘खात्रीच करत होती.’

ती रडली नाही. गार झालेला चहा तिने एका दमात पिऊन टाकला. ‘मामाच्या मनीला गणित तेव्हाही यायचं,’ ती म्हणाली. ‘माझ्यापेक्षा चांगलं यायचं. आम्ही दोघी रविवारभर गच्चीवर पत्ते खेळायचो.’ आणि मग, दाराकडे बघत, ‘ते वाक्य?’

‘ते तिचंच होतं. तिने ते कधी औषधावर ढकललं नाही. तुझ्यापाशी नाही, माझ्यापाशीही नाही.’

‘बरं झालं,’ ती म्हणाली. ‘वाक्य औषधाचं ठरलं असतं, तर मग बसही औषधाचीच ठरली असती.’

मला हे सुचले नव्हते, सुमन. शब्दही पूर्ण तुझे आणि शनिवारही पूर्ण तुझे. तुझी मुलगी तुझ्यासारखेच पेपर तपासते.

ही पाने शाळेला देऊ का, असे मी तिला विचारले. ‘द्या,’ ती म्हणाली, ‘फक्त मुख्याध्यापकांचं नाव घालू नका. त्यांना वाईट वाटेल. त्यांना अजून वाटतं, त्यांनी आईची फार काळजी घेतली.’

मी तिला सोडायला बसस्थानकावर गेले. तिला जागा पलीकडच्या खिडकीची मिळाली होती. तिने एका बाईंशी काहीतरी बोलून ती बदलून घेतली आणि माझ्या बाजूला येऊन बसली. काच अडकली होती, ती दोन्ही हातांनी सरकवली. ‘मावशी, ऊन आहे. जा आता.’ मी गेले नाही. चालकाने गाडी सुरू केली, वाहकाने दार ओढले, बस हलली आणि अर्चनाने हात बाहेर काढून हलवला.

मला हलवता आला नाही. तुझा का हलत नव्हता, ते मला तिथे उभी राहिल्यावर कळले. ते कोणाला शिकवता येईल, असे मात्र वाटत नाही.